नव्या वस्तूची ओढ आणि कंसात टाकलेल्या आठ गोष्टी

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या बाई चाळिशीच्या आहेत. हिशेब विभागात नोकरी, घरी नवरा आणि शाळेत जाणारा मुलगा. नव्या गॅजेट्सचं त्यांना मनापासून वेड. चांगली मालिका पाहिली की कथा लिहावीशी वाटते, पॉडकास्ट ऐकला की आपणही बोलावंसं वाटतं, कुणाची चित्रं पाहिली की हात शिवशिवतात. आणि दर वेळी त्या उत्साहात एखादी वस्तू घरात येते. ड्रॉइंग टॅबलेट आला (पाटीवर पेनानं रेष ओढायची, ती संगणकाच्या स्क्रीनवर उमटते), माईक आला, छोटा कॅमेरा आला. थोडे दिवस धामधूम होते आणि मग वस्तू कपाटात जाते. मोबाईलमध्ये ‘प्रेरणा’ नावाचा फोल्डर आहे, त्यात हजारो स्क्रीनशॉट आहेत. आता बाजारात पडदा असलेला, म्हणजे थेट स्क्रीनवरच रेष ओढायचा, नवा ड्रॉइंग टॅबलेट आलाय आणि तो डोक्यातून जात नाही. नवरा हल्ली काही बोलत नाही, नुसतं “बरं” म्हणतो. मुलगा म्हणाला, “आई, हाही कपाटातच जाणार ना?” ते फार लागलं. “मी खरी कलावंत नाहीच, नुसती खरेदीदार आहे का? सगळं विकून हे खूळ कायमचं सोडू? की हा शेवटचा टॅबलेट घेऊन त्यावर नेटानं बसू?” हा त्यांचा प्रश्न. (काही वर्षांपूर्वी बहिणीची लहान मुलगी बरेच दिवस आजारी होती, तेव्हा काच फुटलेल्या जुन्या फोनवर, पांघरुणात शिरून, तिच्यासाठी आठ गोष्टी रेकॉर्ड करून पाठवल्या होत्या, असंही त्यांनी लिहिलंय. “पण ते काही खरं काम नव्हे.”)

---

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा मजकूर तुम्ही कंसात टाकला आहे. माईक नव्हता, फोनची काच फुटलेली, आवाज घुमू नये म्हणून पांघरुणात शिरावं लागत होतं, आणि तरी आठ गोष्टी पूर्ण झाल्या. पुढे चांगला माईक आला आणि एकही झाली नाही. हिशेबाच्या माणसाला ही तफावत खरं तर टोचायला हवी होती! तुम्ही मात्र “ते काही खरं काम नव्हे” म्हणून ती नोंदच खोडून टाकलीत.

का नव्हे? गोष्टी पूर्ण झाल्या होत्या, ज्या कानांसाठी होत्या त्या कानांपर्यंत पोहोचल्या होत्या, आणि त्या पोरीनं पुढची मागितलीही असणार. नाहीतर तुम्ही आठपर्यंत कशाला गेला असता? त्याकडे मी परत येणारच आहे. आधी तुम्ही स्वतःवर ठेवलेले आरोप बघू या, कारण अशी पत्रं मला पुष्कळ येतात आणि आरोप बहुधा हेच असतात.

वस्तूंचं वेड आहे म्हणजे आपण खरे कलावंत नाही, हा पहिला. यामागे एक समजूत आहे की खरा कलावंत कोळशाच्या तुकड्यानं भिंतीवर चित्र काढतो, त्याला साधनांशी काही देणंघेणं नसतं. ऐकायला ही समजूत छान वाटते, पण कलेचा इतिहास काही तसा घडलेला नाही. 1841 साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं दाबून रंग काढता येईल अशा धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी घोटलेले तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. ती पिशवी टोचून रंग काढायचा, उरलेला लवकर वाळायचा. ट्यूब आली आणि रंग खिशात घालून शेताच्या बांधावर, नदीकाठी जाऊन चित्रं काढणं सोपं झालं. पुढे उन्हाचे क्षण पकडणारे जे चित्रकार झाले, त्यांच्या पेटीत याच ट्यूब होत्या. 1925 मध्ये लायका हा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला आणि छायाचित्रकार तिकाटणं सोडून रस्त्यावर उतरला. तेव्हा नवं साधन दिसल्यावर डोळे चमकणं हा कलावंत नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही. चित्रकार रंगांच्या दुकानात आणि वादक वाद्यांच्या दुकानात किती वेळ रेंगाळतात, ते त्यांच्या घरच्यांना विचारा.

दादासाहेब फाळक्यांचंच घ्या. ते चित्रकला शिकले, छायाचित्रणाचा धंदा करून पाहिला, जादूचे प्रयोग केले, छपाईत उतरले. हा माणूस एका गोष्टीवर टिकत नाही, असं कुणीही म्हटलं असतं. चाळिशीत, 1911 च्या सुमारास, येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक चित्रपट पाहिला आणि त्यांना असा नाद लागला की सतत चित्रपट पाहून आणि झोपेची आबाळ करून दृष्टी जाण्यापर्यंत वेळ आली. मग 1912 मध्ये ते लंडनला गेले आणि तिथे कॅमेरा विकत घेतला. पडद्यावर काहीतरी पाहिलं, भारावून गेले आणि वस्तू घेतली. इथपर्यंत तुमची आणि त्यांची गोष्ट एकच आहे, कृपया नोंद घ्यावी.

फरक पडतो तो वस्तू घरी आल्यावर. फाळक्यांनी एकदम मोठ्या चित्रपटाला हात घातला नाही. कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं, त्याला फुटलेला अंकुर कसा वाढतो ते थोडं थोडं करून चित्रित केलं, आणि ती छोटीशी फिल्म पैसा उभा करून देऊ शकतील अशा लोकांना दाखवली. मोठा चित्रपट आला 1913 मध्ये. म्हणजे नव्या कॅमेऱ्यानं केलेलं पहिलं काम लहान होतं, पूर्ण झालेलं होतं, आणि ते कुणाला दाखवायचं हे आधीच ठरलेलं होतं. तुमच्या आठ गोष्टींत हे तिन्ही होतं. ड्रॉइंग टॅबलेट घेतलात तेव्हा यातलं काय होतं? पत्रावरून तरी मला काहीच दिसत नाही. “चित्रकला शिकायची” असं मोघम होतं. माईक घेताना “पॉडकास्ट सुरू करायचा” होता. तो कुणासाठी, कशावर, पहिला भाग किती मिनिटांचा, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. माईकच्या मॉडेलचं नाव मात्र अचूक आहे.

म्हणून माझं निदान सांगून टाकते. तुमच्याकडे प्रेरणा भरपूर आहे आणि साधनंही पुरेशी आहेत. वाट पाहणारं माणूस तेवढं नाही. ती आजारी मुलगी पुढच्या गोष्टीसाठी खोळंबली होती. आवाज स्टुडिओसारखा आहे की नाही याची तिला फिकीर नव्हती, आणि रात्री झोपायच्या आत गोष्ट यायला हवी हे तिनं, काही न बोलता, ठरवून दिलं होतं. नव्या टॅबलेटमध्ये हे मिळत नाही. कुठल्याच मॉडेलमध्ये मिळत नाही.

आता नव्या वस्तूच्या आनंदाबद्दल. तुम्ही लिहिता की पार्सल येईपर्यंत झोप लागत नाही, आणि उघडल्यावर दोनच दिवसांत सगळं ओसरतं, “मी इतकी उथळ कशी?” मेंदू बऱ्याच अंशी असाच चालतो. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. दिवा लागला की थोड्या वेळानं फळांचा रस मिळायचा. सुरुवातीला माकडाच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी रस मिळाल्यावर उसळायच्या. दिव्याचा आणि रसाचा संबंध कळल्यावर त्या दिवा लागताच उसळू लागल्या. प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा शांत. ठरल्या वेळी रस आलाच नाही, तर नेहमीपेक्षाही मंद. माकडाच्या रसावरून माणसाच्या खरेदीचा सगळा उलगडा होतो असं मी म्हणणार नाही, पण ‘आपली ऑर्डर निघाली आहे’ हा मेसेज खुद्द वस्तूपेक्षा गोड का लागतो, ते यावरून थोडं कळतं. उत्कंठा वस्तू येण्याआधीच खर्च होऊन गेलेली असते. यात उथळपणा काही नाही. फक्त ओसरलेल्या उत्साहाच्या जोरावर चित्रकला शिकता येईल ही अपेक्षा चुकीची.

आणि ही उत्कंठा तुमच्या एकटीची नाही, ती व्यवस्थित पिकवली जाते. मॉडेल ठरल्यासारखं दर वर्षी बदलतं. महिनाभर आधी फोटो ‘फुटतात’. ज्यांचे रिव्ह्यू तुम्ही रात्री बघता त्यांतल्या पुष्कळांना वस्तू कंपनीकडून वापरायला मिळालेली असते, आणि खाली दिलेल्या लिंकवरून तुम्ही खरेदी केलीत तर त्यांना वाटा मिळतो. ते खोटं बोलतात असं नव्हे. त्यांतले काही फार प्रामाणिक आणि जाणकार आहेत. पण नव्या वस्तूंबद्दल बोलणं हेच त्यांचं काम. ते पुढच्या आठवड्यात पुढच्या वस्तूकडे वळतात, आणि तुम्ही त्यांच्यामागून धावत असाल तर चित्र कधी काढणार? “दोन वर्षं वापरल्यानंतर” अशा नावाचे व्हिडिओ शोधून बघा. तिथे उत्साह कमी असतो आणि माहिती जास्त.

तर मग काय करायचं? तुमच्याच कामाच्या भाषेत सांगते. तुमच्याकडे तीन वेगळी खाती आहेत आणि तुम्ही तिन्हींचा खर्च एकाच खात्यावर टाकताय. नवी वस्तू हाताळायचा, तिचे गुण-दोष ताडून बघायचा आनंद, हे एक खातं. दुसऱ्यांनी केलेलं पाहायचा, ऐकायचा, भारावून जायचा आनंद, हे दुसरं. स्वतः काही करण्याचा आनंद, हे तिसरं. पहिली दोन्ही खाती पूर्णपणे वैध आहेत. रात्री जेवणानंतर तासभर कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू बघणं ही करमणूक आहे आणि दमलेल्या माणसाला करमणूक हवी. गडबड होते ती त्या तासाची नोंद आपण ‘शिकणं’ किंवा ‘तयारी’ म्हणून करतो तेव्हा. मग तिसऱ्या खात्यावर खर्च दिसतो, जमा काहीच दिसत नाही, आणि ताळेबंद पाहून आपण स्वतःला दिवाळखोर ठरवतो.

खाती वेगळी करून बघा. घरखर्चातून वस्तूंच्या हौसेसाठी एक रक्कम बाजूला काढा. किती, हे दोघांनी मिळून ठरवा. त्या रकमेतून घेतलेल्या वस्तूनं कलेच्या दरबारात हजेरी लावलीच पाहिजे असं बंधन नको. आवडली, हाताळली, मन भरलं, विकली, चालेल. फक्त रक्कम संपली की पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं आणि हप्त्यावर काही घ्यायचं नाही, कारण हप्त्याचं आयुष्य हौसेपेक्षा जास्त असतं. वस्तू कपाटात गेल्यावरही दर महिन्याला पैसे कापले जातात, तेव्हा होणारी चिडचिड तुम्ही अनुभवली असेलच.

तिसऱ्या खात्यावर मात्र कडक नियम. तिथे वस्तू घ्यायची ती अडचण एका वाक्यात सांगता आली तरच, आणि ती अडचण काम करताना आलेली असली पाहिजे. रिव्ह्यू बघताना कळलेली चालणार नाही. “माझा टॅबलेट जुना झालाय” ही अडचण नव्हे. “रेकॉर्डिंगमध्ये खोलीचा घुमारा येतो” ही अडचण. आणि अडचण अशी नेमकी सांगता आली की गंमत होते, निम्म्या वेळा तिचं उत्तर दुकानात नसतंच. माईक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण 6 डेसिबलनं वाढतो आणि खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो. म्हणजे माईक जवळ ओढणं हा फुकटातला सगळ्यात मोठा बदल. पांघरुणात शिरायची तुमची युक्ती तर थेट व्यावसायिकांची आहे. बाहेरगावी गेलेले रेडिओचे वार्ताहर हॉटेलच्या खोलीत डोक्यावरून रजई घेऊन बातमी वाचतात. जाड मऊ कापड आवाज शोषून घेतं, भिंत तो परत फेकते. तुम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं. मुलीपर्यंत गोष्ट नीट पोहोचावी म्हणून तुम्ही ते शोधून काढलंत.

पडद्याच्या टॅबलेटची अडचण एका वाक्यात सांगा, असं मी विचारलं तर तुमचं उत्तर पत्रातच आहे: “माझ्या टॅबलेटवर हात एकीकडे आणि चित्र दुसरीकडे, त्यामुळे रेष जमत नाही.” हे वाक्य चांगलं आहे, नेमकं आहे. पण ही अडचण पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्यांना येते. हात टेबलावर आणि डोळे स्क्रीनवर, याची सवय व्हायला रोज थोडं बसावं लागतं, आणि बऱ्याच जणांना काही आठवडे लागतात. तुम्ही त्याआधीच उठलात. पडदा असलेल्या टॅबलेटवर ही एक अडचण जाते हे खरं. आणि दुसऱ्या येतात. स्वस्त मॉडेलमध्ये काच आणि पडदा यांत फट असते, त्यामुळे पेनाचं टोक एका जागी आणि रेष जराशी सरकून दुसऱ्या जागी उमटते. खाली वाकून काढायचं असल्यानं मान आखडते, म्हणून स्टँड लागतो. संगणकाला जोडायला केबल आणि टेबलावर कायमची जागा लागते. तुमच्या टेबलावर सध्या कॅमेऱ्याचं खोकं आहे, असं तुम्हीच लिहिलंय. आणि हात पेनावर किती जोर देतो त्याच्या 2048 पातळ्यांऐवजी 8192 पातळ्या ओळखणारं पेन, ज्याबद्दल तुम्ही एवढ्या कौतुकानं लिहिलंत, ते उत्तमच आहे. पण थरथरणारी रेष चौपट पातळ्यांवरही थरथरतीच राहते. तिला फक्त सराव लागतो.

याचा अर्थ घेऊ नका असा नाही. आधी उसना मिळतो का बघा. कुणा ओळखीच्याकडे असेल तर शनिवार-रविवार मागा. कॅमेरे आणि लेन्स तर भाड्यानंही मिळतात. उसन्या वस्तूचा फायदा असा की ती परत द्यायची असते, म्हणून आपण लगेच कामाला लागतो. विकत घेतलेली वस्तू “आता आहेच की” म्हणून वाट बघत बसते.

जुनी वस्तू घ्यायलाही लाजू नका. 1980 मध्ये रोलँड या जपानी कंपनीनं टीआर-808 नावाचं ताल वाजवणारं यंत्र आणलं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून अनेकांनी नाकं मुरडली, आणि सुमारे 12 हजार यंत्रं विकून 1983 मध्ये उत्पादन बंद झालं. मग ही यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात फिरू लागली, महागडी साधनं न परवडणाऱ्या तरुणांच्या हाती पडली, आणि हिपहॉप आणि टेक्नो संगीताचा आवाज बराचसा त्यांतूनच घडला. नवं असताना जे यंत्र फसलं, ते जुनं झाल्यावर कामाला आलं. तुमचा कपाटातला टॅबलेटही असाच कुणाच्या तरी हातात जाऊन चालू लागेल, किंवा तुमच्याच.

आता ‘सगळं विकून खूळ सोडायचं’ या पर्यायाबद्दल. तो धाडसी वाटतो, पण मला तो ‘शेवटचा एक घेऊन नेटानं बसायचं’ याचाच जुळा भाऊ वाटतो. एकात वस्तू आली की काम सुरू होईल, दुसऱ्यात वस्तू गेली की मन शांत होईल. दोन्हीकडे कारभार वस्तूच्या हातात, तुम्ही नुसत्या बाजूला उभ्या. शिवाय रागाच्या भरात सगळं विकणारी माणसं वर्षभरानं तेच सगळं पुन्हा घेतात, हे मी बऱ्याच पत्रांत वाचलंय.

निवडून विका. कपाट उघडा आणि प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारा: हिनं पूर्ण झालेलं शेवटचं काम कोणतं आणि ते कुणी पाहिलं किंवा ऐकलं? उत्तर नसेल तर ती वस्तू लगेच वाईट ठरत नाही, पण तिला टेबलावर काढा. कपाटातली वस्तू जशीच्या तशी राहते हा एक गैरसमज आहे. लिथियम बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडली तर खराब होते; बाजूला ठेवायचीच असेल तर निम्मी चार्ज करून ठेवावी आणि अधूनमधून बघावी. दमट, अंधाऱ्या जागी लेन्सवर बुरशी धरते. म्हणजे ‘कधीतरी वापरू’ म्हणून ठेवलेला कॅमेरा ज्या दिवशी हवा असेल, त्या दिवशी कदाचित चालणारच नाही. ज्या वस्तूला टेबलावर जागा द्यावीशी वाटत नाही ती विका, नाहीतर शिकणाऱ्या कुणाला तरी देऊन टाका; त्याआधी मेमरी कार्ड काढून घ्या, खात्यातून लॉग आउट करा, माहिती पुसा. अगदीच निकामी असेल तर ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. 2022 या एका वर्षात जगात सुमारे 6.2 कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या चौथ्या हिश्श्याचंही रीतसर संकलन आणि पुनर्वापर झाल्याची नोंद नाही. तुमचा एक माईक त्यात समुद्रातला थेंब, कबूल.

‘प्रेरणा’ फोल्डरबद्दल थोडक्यात. हजारो स्क्रीनशॉट पुन्हा कुणी बघत नाही. पुढच्या वेळी काही आवडलं की साठवायच्या आधी त्याखाली एक वाक्य लिहा: यातलं मला नेमकं काय उचलायचंय? मालिकेतला तो प्रसंग आवडला कारण दोन बहिणी भांडत असतात आणि भांडणाचा खरा विषय कुणीच काढत नाही, बस, एवढंच. हे वाक्य म्हणजे तुमच्या कथेचा कच्चा माल. वाक्य सुचलं नाही तर ती करमणूक होती; आनंद झाला, पुढे चला. शिकवणाऱ्या व्हिडिओंनाही हाच न्याय लावा. एक पाहिला की त्यात दाखवलेलं करून झाल्याशिवाय दुसरा नाही. हे पाळणं अवघड आहे, कारण दुसरा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. ते सेटिंग बंद करता येतं, आधी ते करा.

घरच्यांचं काय? मुलाचं वाक्य तुम्हाला लागलं, पण ते नीट ऐका. “हाही कपाटातच जाणार ना?” यात पैशांची तक्रार मला दिसत नाही. त्यानं तुमचा उत्साह वाढताना पाहिलाय, विझतानाही पाहिलाय, आणि आता तो आधीच सावध होतोय. त्याला वचन देऊ नका. वचनांची नोंद पोरं फार काटेकोर ठेवतात. त्याच्यासमोर एखादी लहान गोष्ट पूर्ण करा, किंवा त्याला सोबत घ्या. तो कॅमेरा त्याच्या हातात देऊन बघितलाय का कधी?

नवऱ्याचं “बरं” मला जास्त काळजीचं वाटतं. बोलणं थांबलेला माणूस बहुधा पटलं म्हणून थांबलेला नसतो. त्याला विचारा की खुपतं ते काय: पैसे, घरातली अडगळ, की दर नव्या वस्तूबरोबर तुमचं संध्याकाळभर स्क्रीनमध्ये हरवून जाणं? उत्तर तिसरं निघालं तर स्वस्त टॅबलेट घेऊन काही साधणार नाही. आणि इथे तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी एक गंभीर गोष्ट. खरेदी लपवावी लागत असेल, पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवावं लागत असेल, कर्ज होत असेल, किंवा मन उदास झालं की खरेदीशिवाय दुसरा उपायच सुचत नसेल, तर हा हौसेचा प्रश्न राहिला नाही. मग माझ्यासारख्या सदर लिहिणारीच्या सल्ल्यावर थांबू नका, समुपदेशकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी बोला. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. तुम्ही सगळं उघड लिहिलंय, किमतींसकट.

राहिला वाट पाहणाऱ्या माणसाचा प्रश्न. तो शोधावा लागेल. ती मुलगी आता मोठी झाली असेल, तिला गोष्टी नको असतील. पण दृष्टी कमी झाल्यामुळे वाचता न येणारे कुणी नात्यात असतील. दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या संस्था असतात, तिथे आवाज लागतातच, आणि अमुक दिवशी अमुक पानं हवीत असं सांगणारं माणूसही तिथे असतं. चित्रांसाठी एखादी मैत्रीण धरा: दर रविवारी रात्रीपर्यंत तिला एक चित्र पाठवायचं, वाईट का असेना, आणि तिनं तुम्हाला तिचं काहीतरी पाठवायचं. लाइक देणारे हजार अनोळखी लोक या कामाचे नाहीत. चित्र आलं नाही तर “काय झालं?” असा फोन करणारी एकच हवी.

महिनाभर जुन्याच टॅबलेटवर हे करून बघा. दर आठवड्याला चित्र गेलं आणि तरीही हात आणि डोळ्यांची ती अडचण तशीच राहिली, तर पडद्याचा टॅबलेट तिसऱ्या खात्यातून, ताठ मानेनं घ्या. महिन्यात एकही चित्र गेलं नाही आणि तरी तो हवासाच वाटला, तर पहिल्या खात्यातून घ्या, रक्कम शिल्लक असेल तर; आणि घरात सांगा की ही माझी हौस आहे, यातून चित्रकार निघणार नाही. दोन्हींत लाज वाटण्यासारखं काही नाही. घ्यायच्या आधी मात्र एक चौकशी करा: वापरलेली वस्तू परत घेतात का, आणि किती दिवसांत. ती मुदत संपायच्या आत त्यावर एक चित्र पूर्ण करून त्या मैत्रिणीला पाठवायचं. नाही जमलं तर टॅबलेट परत. खोकं तोवर फेकू नका, आणि ते उघडताना कात्री जपून चालवा.